पाहुण्यांसाठी भरलेली विहीर

बारामती
४ मार्च १९९६

ती. मामा आणि बानूमामी,

वरकुट्याच्या माळावरच्या सगळ्यांना, गोठ्यातल्यांसह, माझा नमस्कार.

मला नोकरी लागली. ही नोकरी नेमकी कसली, हे घरात कुणालाच पटवता आलेलं नाही, म्हणून आता तुमच्यावर प्रयोग करतो. पुण्याच्या एका अभ्यास केंद्राने इथे दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. बारामती आणि इंदापूर ही दोन शहरं रोज काय खातात, काय पितात, काय जाळतात आणि काय टाकतात, ते आम्ही मोजतो. शहराला जनावर समजायचं, त्याच्या दावणीत किती पडतं आणि शेणात किती जातं ते बघायचं. मागच्या आठवड्यात मी नाक्यावर उभा राहून वाळूचे ट्रक मोजले. नंतर दुधाचे कॅन मोजले. परवा तराजू घेऊन कचऱ्याच्या ढिगावर गेलो, तर एक बाई प्लास्टिकचं मोडकं टोपलं घेऊन आली आणि बदल्यात लसूण मागायला लागली. माझ्या सासूबाई शेजारणींना सांगतात की जावई कचऱ्यात आहेत.

गंमत अशी, की शहरात काहीच तयार होत नाही. पाणी बाहेरून, दूध बाहेरून, कडबा, विटा, भाजी सगळं बाहेरून. हे 'बाहेर' म्हणजे कुठे, असं आमच्या संचालकांनी विचारलं. म्हणून आता खेड्यांची पाहणी सुरू होते आहे, आणि मी पहिलं नाव तुमच्या वस्तीचं दिलं.

माझा सहकारी दादासाहेब पंधरवड्याभरात तुमच्याकडे येईल. आपल्यातलाच आहे, पणदऱ्याचा. बी.एस्सी. झालाय. लग्न व्हायचंय, त्यामुळे उन्हातान्हात कुठेही पाठवता येतो. तो विहीर बघेल, जनावरं मोजेल, घरात माणसं किती, पाणी किती लागतं, सगळं विचारेल. छकुलीशीही बोलेल, कारण घरात पाणी जी आणते तिच्याशी बोलायचंच, असा आमचा नियम आहे. मोकळेपणाने बोला, काही लपवू नका.

तुमचा भाचा,
मल्हार


वरकुटे
१० मार्च १९९६

चि. मल्हार,

खंडोबा तुझ्या पाठीशी राहो.

पत्र पोचलं. मी दोनदा वाचलं, मामीला एकदा वाचून दाखवलं, आणि त्यातलं जे घ्यायचं ते आम्ही घेतलं. पोरा, तू शहाणा निघालास. माझ्या सासऱ्यांकडे आपल्याकडचा पहिला माणूस गेला तो लोकरीचा भाव विचारायला गेला होता. लोकर त्याने घेतली नाही. पुढे काय झालं ते तुझ्या मामीला बघून तुला कळतंच. तेव्हा लोकर होती, आता अभ्यास आहे. आपणही त्याला अभ्यासच म्हणू. नाव उघड घ्यायचं नाही ही रीत तू विसरला नाहीस, याचं मला फार बरं वाटलं.

आमची छकुली विशीची झाली. बारावी झाली, वस्तीवर बालवाडी चालवते, आणि बापाला उलट बोलते. म्हणजे सगळं शिक्षण पुरं झालं.

एकदोन गोष्टी तुझ्या लिहायच्या राहिल्या. पाहुण्याची उंची किती? घरी कोण कोण? तंबाखू वगैरे? कळव.

शहर जनावर आहे म्हणतोस. असेल. पण आपल्या वाडवडिलांनी जनावरंच सांभाळली, म्हणून विचारतो. आपली मेंढरं ज्याच्या रानात बसायची त्याचं चार दिवस खायची, आणि उठताना त्याला लेंड्या देऊन जायची. पुढच्या साली त्याचं पीक दुप्पट. म्हणून लोक बोलावून मेंढरं बसवून घ्यायचे. तुझं जनावर आमच्याकडून उठताना काय देऊन जातं, तेही मोजता का?

तुझा मामा,
तात्याबा


बारामती
१६ मार्च १९९६

ती. मामा,

तुमचा उत्साह बघून मीच लाजलो. आमच्या कामाला लोक एवढ्या आनंदाने तयार होत नाहीत. बऱ्याच ठिकाणी कुत्री सोडतात.

नाव उघड न घेण्याबद्दल लिहिलंत ते बरोबर आहे. आम्ही अहवालात घरमालकाचं नाव छापत नाही, फक्त वस्तीचं छापतो. तुम्हाला हे आधीच माहीत होतं याचं कौतुक वाटलं.

दादासाहेब साडेपाच फुटांच्या वर असेल. हे कशाला हवं ते कळलं नाही, पण तुमचा दरवाजा ठेंगणा आहे म्हणून विचारलं असावं. घरी आईवडील, वडिलांचं नाव रावजी, पणदऱ्यात ऊस आहे, कारखान्याचे सभासद आहेत. चहा सोडला तर व्यसन नाही. खास स्वयंपाक करू नका. घर रोज जसं असतं तसंच आम्हाला बघायचं असतं, ही अट आहे.

लेंड्यांचा मुद्दा मी संचालकांना सांगितला. ते म्हणाले, फारच मूलभूत आहे, पण त्यासाठी आपल्याकडे रकाना नाही.

तुमचा,
मल्हार


वरकुटे
२६ मार्च १९९६

चि. मल्हार,

तुझा पाहुणा आला आणि आमचं मन जिंकून गेला.

रोजचं घर दाखवायचं म्हणालास. पोरीच्या बापाला रोजचं घर दाखवता येतं का रे? आपल्या विहिरीत या दिवसांत हंडा जेमतेम बुडतो. आपली वस्ती कालव्याच्या शेपटाला, पाणी इथवर येईतो त्याचा जीव जातो. तर मी नुसता शेजारच्या गेणबापाशी शब्द टाकला. गेणबा म्हणाला, "तात्या, छकुली काय एकल्या तुमची हाय व्हय?" आणि त्याने आपल्या बोअरची मोटार लावून पाईप थेट आपल्या विहिरीत सोडला. दोन दिवस मोटार चालू. तानूबाईने आपल्या दोन्ही म्हशी धुऊन, शिंगांना तेल लावून आपल्या गोठ्यात आणून बांधल्या. माझी विहीर मीच ओळखली नाही. काठावर उभा राहिलो तर तोंड दिसायला लागलं.

पाहुण्याने दोरी सोडून खोली मोजली. विचारलं, "उन्हाळ्यात किती राहतं?"

मी तोंड उघडायच्या आत गेणबा म्हणाला, "ही हिर आटल्याली माझ्या बापानं बी बघितली न्हाय."

हे खोटं नाही. ही विहीर खणली तेव्हा गेणबाचा बाप जाऊन दहा वर्षं झाली होती.

मग घरात. दिवसाला आंघोळीला पाणी किती, असं त्याने विचारलं. मामी म्हणाली, "दोनदा करतो आमी. पोरगी तर तीनदा करतीया." छकुलीने आईकडे असं बघितलं की मी गूळ आणायला आत गेलो. घरातून टाकून काय देता, या प्रश्नाला मात्र मामीला राग आला. "आमच्यात काय टाकत न्हाईत, पावनं. उष्टं म्हशीला, शेण रानाला, राख भांड्याला." तो म्हणाला, असं उत्तर बारामतीत एकाही घरात मिळालं नाही.

शेवटी छकुली. विहिरीपाशी दोघं उभी होती, मी कडब्याच्या आडोशाला होतो. तो म्हणाला, "रोज किती खेपा होतात पाण्याच्या?"

ती म्हणाली, "तुमच्या घरी कोन आनतं?"

"आई."

"तिला इचारलं का कधी, किती खेपा होत्यात?"

तो पेनाचं टोपण लावायला लागला. इथे मी खोकलो.

मुलगा पसंत आहे. निरोपाची वाट बघतो. गडबड करू नकोस, पण उशीरही करू नकोस.

तुझा मामा,
तात्याबा

ता.क. म्हशी परत गेल्या. त्या आपल्याकडे रमल्या होत्या, तानूबाईला ओढत न्याव्या लागल्या.


बारामती
१८ एप्रिल १९९६

ती. मामा आणि मामी,

पेढे वाटा! निकाल तुमच्या बाजूने लागला.

तुमचं मागचं पत्र आलं तेव्हा मी इंदापुरात नव्या वसाहतींची मोजणी करत होतो. कामाच्या घाईत निम्मंच वाचलं, पण दादासाहेबाची पाहणी झाली आणि तो तुम्हाला आवडला एवढं कळलं. आमचा प्राथमिक अहवाल गेला. पाण्याच्या बाबतीत सगळ्या वस्त्यांत तुमची पहिली आली आहे. दोन वेळा आंघोळ करूनही विहीर काठोकाठ, असं दुसरीकडे कुठेच आढळलं नाही. 'अतिरिक्त पाणी असलेली वस्ती' असा तुमचा उल्लेख आहे, आणि ते वाक्य मी लिहिलं आहे.

अहवाल टंचाईचं काम बघणाऱ्या वरच्या साहेबांनी मागवून घेतला. आजवर आमचं कुणी काही वाचलं नव्हतं, त्यामुळे केंद्रात आनंदीआनंद आहे. यंदा तुमच्या वस्तीला टँकर लागणार नाही, म्हणून तुमचं नाव टंचाईच्या यादीतून काढलं आहे. शिवाय इंदापूरच्या नव्या वसाहतींना जो टँकर जातो, तो पुढच्या आठवड्यापासून तुमच्याच विहिरीवर भरेल. त्या वसाहती मी आतून बघितल्या. दारापुढे हिरवळ लावली आहे, आणि लोक रोज मोटारसायकली धुतात. त्यांना माहीत नाही की ते वरकुट्याचं पाणी ओततील. मला मात्र माहीत असेल, आणि मामा, मला अभिमान वाटेल.

मला कायम करण्याचं बोलणं चाललं आहे. सगळं या अहवालावर आहे.

दादासाहेब तुमच्या घरचं नाव वरचेवर काढतो. मामींचा राग त्याला पाठ आहे.

तुमचा,
मल्हार


वरकुटे
२७ एप्रिल १९९६

चि. मल्हार,

टँकर आला. झुंबर नावाचा ड्रायव्हर आहे, आपल्या भिगवणकडचा, माणूस भला. त्याने भलं मोठं नळकांडं विहिरीत सोडलं. ते थोडा वेळ गुरगुरलं आणि मग नुसती हवा ओढायला लागलं. झुंबर मला म्हणाला, "तात्या, हितं पानी कुठं हाय?"

मी म्हणालो, "आज रविवार. देवाचा वार. आमची हिर देवाच्या वारी वर येत न्हाय."

सोमवारी मी त्याला सांगितलं की विहिरीत साप दिसलाय. मंगळवारी म्हणालो, जोडीदारीण दिसली. बुधवारी मामीच्या अंगात आलं, आणि खरं सांगतो, मी तिला काही शिकवलं नव्हतं. झुंबर रोज ऐकून घेतो, चहा पितो आणि रिकामा टँकर घेऊन जातो. परवा जाताना म्हणाला, "तात्या, उद्या काय हाय?"

हसू नकोस. गेणबाने त्या दोन दिवसांत आपल्या बोअरचं पाणी माझ्या विहिरीत ओतलं, आणि माझ्या विहिरीने ते जमिनीला पाजलं. त्याचा बोअर आता फुंकर मारल्यासारखा वाजतो. दरसाल आपल्याला टँकर यायचा, यंदा आपण पहिले आलो म्हणून येत नाही. बायका कालव्याच्या डबक्यावर जातात आणि गाळून आणतात. छकुलीच्या बालवाडीतली पोरं दुपारी पाणी मागतात, म्हणून ती त्यांना लवकर घरी सोडते. काल गेणबा माझ्या दारावरून गेला आणि हाक न मारता गेला. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं. मला लाज वाटते, मल्हार, आणि भीतीही वाटते.

विहिरीबद्दल मला तुझ्या साहेबांना एक गोष्ट सांगायची आहे. पण ती आत्ता सांगितली तर ती पाहुण्याच्या कानावर जाणार, आणि मग पोरीचं काय? म्हणून तू आधी सुपारी फुटायची तारीख पक्की कर. सुपारी फुटली की त्याच संध्याकाळी मी विहिरीचं बोलतो. पणदरेकरांचा निरोप काय आहे ते ताबडतोब कळव.

तुझा मामा,
तात्याबा


बारामती
२ मे १९९६

ती. मामा,

कसली सुपारी? कुणाचा निरोप?

तुमचं पत्र वाचून मी आधीची सगळी पत्रं काढून बसलो, मार्चमधलंही या वेळी पूर्ण वाचलं, आणि लोकरीची गोष्ट आज मला कळली. मामा, तो खरोखर मोजायला आला होता! अभ्यास म्हणजे अभ्यास. त्याच्या मनात काही होतं की नाही मला माहीत नाही, मी त्याला कधी विचारलं नाही. माझ्या आठवणीत ती विहीर काठोकाठ कधीच नव्हती, पण मी ते आठवायचं टाळलं. आपल्या मामाची वस्ती पहिली येते आहे म्हटल्यावर कोण दोरी पुन्हा सोडून बघतो?

आता काय करायचं? अहवाल चुकला असं मी सांगितलं, तर पहिल्याच कामात माझं नाक कापलं जाईल. कायम करणं राहिलं बाजूला, केंद्रच हसण्यावारी जाईल. संचालक मुंबईला या पाहणीवर भाषण करून आले आहेत, त्यात तुमची विहीर होती. पावसाला महिना सव्वा महिना राहिला आहे. तोवर कसंतरी ओढून नेता येईल का? झुंबर भला माणूस आहे म्हणता. मामींच्या अंगात अजून थोडे दिवस येऊ शकेल का?

मी हे काय लिहितो आहे मला कळतं. पण दुसरं काही सुचत नाही.

तुमचा,
मल्हार


वरकुटे
९ मे १९९६

मल्हारदादा,

पत्र छकुलीचं आहे. तात्यांनी तुझं पत्र वाचलं, घडी घातली आणि पागोट्यात खोचलं. ते आंघोळीला गेले तेव्हा मी वाचलं. आंघोळ म्हणजे ओलं फडकं. एकदाच.

तुम्ही दोघं शहाणे आहात. एकाला सोयरीक होईपर्यंत खरं बोलायचं नाही, दुसऱ्याला नोकरी पक्की होईपर्यंत. आणि तोपर्यंत प्यायचं कुणी काय? आईच्या अंगात आणायला निघालास, तर स्वतःच्या अंगात आण की थोडं.

आता ऐक. रविवारी तुझा दादासाहेब आला होता, एकटाच, मोटारसायकलवर. झुंबरने त्याला सगळं सांगितलं होतं. मी त्याला विहिरीवर घेऊन गेले. तळाशी चिखल आहे, तो दाखवला.

तो म्हणाला, "मला ठावं होतं. त्या दिशी कडब्याखालनं पाईप दिसला हुता."

मी म्हणाले, "मग लिव्हलं का न्हाय?"

तर मान खाली घालून म्हणतो, "आयनं सांगितलं हुतं, जातोयस तर पोरगी बी बघून ये. ज्या घरची पोरगी मागायची, त्या घरची हिर कोरडी हाय म्हनून कसं लिव्हू?"

म्हणजे बघ, तात्या चुकलेच नव्हते. तुझा अभ्यास होता आणि त्याचं घर बघणंही होतं. तात्यांनी इभ्रतीसाठी विहीर भरली, त्याने आमच्या इभ्रतीसाठी ती भरलेली लिहिली, तू मामाच्या प्रेमाने ती पहिली काढलीस. सगळ्यांनी एकमेकांचा मान राखला आणि तानूबाई डबक्यावर जाते.

मला मुलगा पसंत आहे. त्याला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. त्याला एवढंच सांगितलं, की आमच्या वस्तीवर टँकर आल्याशिवाय मी डोक्यावर पदर घेऊन कुणापुढे बसणार नाही. आणि तुझ्या संचालकांना मी काल कार्ड टाकलं. तुला आधी कळावं म्हणून मजकूर देते:

'वरकुट्याच्या माळावरच्या विहिरीत पाणी नाही. तुमच्या माणसाला दिसलं ते माझ्या लग्नासाठी भरलं होतं. आमचा टँकर परत पाठवा. राजनंदिनी तात्याबा, बालवाडी शिक्षिका.'

शाळेच्या दाखल्यावरचं नाव पहिल्यांदाच कामाला आलं.

छकुली


बारामती
१७ मे १९९६

ती. मामा, मामी आणि छकुली,

कार्ड पोचलं. संचालकांनी मला बोलावलं, कार्ड टेबलावर ठेवलं आणि चष्मा पुसत राहिले. मी सगळं सांगितलं. लोकर, पाईप, म्हशींच्या शिंगांचं तेल, काही ठेवलं नाही. आज माझी नोकरी गेली असं समजूनच बोलत होतो.

त्यांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "मल्हारराव, हा तर स्वतंत्र विषय आहे." खेड्यातली माणसं पाहुण्यापुढे किती पाणी वाढवून सांगतात, यावर आता नवी पाहणी होणार. त्यासाठी आणखी वर्षभराची मंजुरी मिळाली आणि माझी नेमणूक त्या कामावर झाली. चूक केली म्हणून मी नोकरीत राहिलो. बरोबर असतो तर काम जूनमध्ये संपलं असतं, मग कायम कशावर करणार?

तुमचं नाव टंचाईच्या यादीत पुन्हा घातलं आहे, टँकर सोमवारी सुरू होईल. मामा, मी तुम्हाला पावसापर्यंत ओढून न्यायला सांगितलं, ते वाक्य त्या पत्रातून कापून टाका. छकुली, तू मला लिहिलंस ते मात्र राहू दे.

इंदापूरच्या वसाहतींसाठी आता दुसऱ्या क्रमांकाचं गाव घेतलं आहे, ते म्हणजे पणदरे. तिथून इंदापूर किती लांब हे मला विचारू नका. टँकर पाण्याइतकंच डिझेल पिईल, त्याचा रकाना मी स्वतः आखला आहे. यावेळी मोजणीची शंका नको. दादासाहेबाने स्वतः आपल्या वडिलांची विहीर मोजली आहे, भरपूर पाणी आहे.

तुमचा,
मल्हार


वरकुटे
३० मे १९९६

चि. मल्हार,

सोमवारी टँकर आला. चालवायला झुंबरच. मागे न्यायला आला होता, आता घालायला. मी पुढे झालो तर म्हणाला, "तात्या, आज वार कंचा? देवाला चालतंय न्हवं?" अख्खी वस्ती हसली. गेणबाही हसला. पहिला हंडा मी त्याच्या दारात नेऊन ठेवला. तो म्हणाला, "एवढ्यानं भागत न्हाय, सुपारीला मला नेलं पायजे." म्हणजे मिटलं.

छकुलीचं अडत होतं ते टँकर आल्यावर सुटलं, आणि पणदरेकरांचा निरोपही आला. मग काल आम्ही पणदऱ्याला गेलो, मी आणि गेणबा. मुलीकडच्यांनीही घर बघायचं असतं. ऊस बघितला, चांगला आहे. घर बघितलं, सिमेंटचं आहे. दादासाहेबाची आई गोड बोलते आणि पाण्याच्या खेपा किती होतात हे तिने मला आपण होऊन सांगितलं. पोराने मार्चात घरी येऊन पहिल्यांदा तेच विचारलं होतं म्हणे.

मग रावजी आम्हाला विहिरीवर घेऊन गेले. पाणी काठाला लागलेलं. रावजी हात पसरून म्हणाले, "आमच्याकडं पान्याची ददात न्हाय बघा."

मी बघितलं. कालवा बंद झालाय, उसाला रोज पाणी लागतं, आणि विहीर भरलेली.  माझे डोळे आपोआप कडब्याकडे गेले. गेणबाचेही गेले. त्याने मला कोपर मारलं.

कडब्याखालून पाईप आला होता, शेजारच्या रानातून.

मल्हार, मी तिथे उभा राहिलो आणि मला दोन्ही वाटलं. गप्प बसावं, मान राखावा, सुपारी फोडून घरी यावं, असं वाटलं. आणि आमच्या तानूबाईचं गाळलेलं पाणीही डोळ्यापुढे आलं. मी रावजींना बाजूला घेतलं. म्हणालो, "व्याही, पाईप काढून घ्या. परवा झुंबर टँकर घेऊन यील आन् समदं ओढून न्हील. शेजाऱ्याची बी हिर जाईल."

रावजी चपापले. म्हणाले, "तुमाला कसं कळलं?"

"आमच्याकडं बी असाच पाईप हाय."

आधी ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मग दोघांनाही एवढं हसू आलं की गेणबाला वाटलं मोडलं सगळं. मोजायच्या वेळीही असंच झालं होतं, रावजींनी कबूल केलं. तो कागद मुलीचा आतेभाऊ वाचणार हे पोराला माहीत होतं. तुझ्याच डोळ्यांसाठी त्याने बापाची विहीर भरून लिहिली. सुपारी तिथेच, विहिरीच्या कठड्यावर फोडली. छकुलीने घरी आल्यावर विचारलं, "तात्या, पानी किती हाय तिथं?" मी म्हणालो, "आपल्याएवढंच." ती म्हणाली, "मग बरं," आणि चहा ठेवला.

रावजी उद्या तुझ्या संचालकांना कार्ड टाकणार आहेत. पणदऱ्याचंही नाव काढा. त्या हिरवळवाल्यांना सांगा की थोडे दिवस मोटारसायकली मळक्या वापरा, आणि जमलं तर लेंड्यांचा रकानाही एकदा आखा.

लग्न पाऊस पडल्यावर करू, तोवर पाहुण्यांना पाजायला पाणी नाही. तू मात्र आधी ये. आणि तुझ्या यादीत तिसऱ्या नंबरचं गाव कोणतं असेल ते असो, टँकर पाठवायच्या आधी तिथे लग्नाचं कुणी आहे का, एवढं विचारून घे.

तुझा मामा,
तात्याबा